सुरू होण्यापुरता शब्द

दोरीला बाविसावा हिसका देऊन झाल्यावर फेव्रोनियाने इंजिनाला असा एक शब्द वापरला, जो तिने नवरा जिवंत असताना नवऱ्यालासुद्धा कधी वापरला नव्हता. इंजिनावर काही परिणाम झाला नाही. अडतीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, लारिओनने, नावेच्या मागच्या फळीवर बसवलं होतं तसंच ते ढिम्म बसून राहिलं. तेवढ्यात मोठ्या नदीच्या बाजूने तुल्चा शहराहून येणाऱ्या बोटीचा भोंगा ऐकू आला. त्या बोटीत फेव्रोनियाची मुलगी आणि जावई होते, आणि त्यांना धक्क्यावरून घरी आणायचं होतं.

एरवी यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. जुनं इंजिन म्हटलं की ते कधी चालणार, कधी रुसणार. पण फेब्रुवारीत फेव्रोनिया अंगणातल्या बर्फावर घसरली होती आणि दोन दिवस घरात पडून राहिली होती. फोन उशापासून चार हातांवर होता, पण त्याची बॅटरी उतरलेली. तिकडे तुल्च्यात तिची मुलगी उल्याना दोन दिवस नंबर फिरवत राहिली. त्यानंतर मुलीने एकच धोशा लावला : आता एकटीने राहायचं नाही, आमच्या फ्लॅटवर चल. आठवडाभर वाद चालला. शेवटी फेव्रोनिया घरातल्या देवाच्या तसबिरींसमोर उभी राहिली, आमच्या जुन्या रीतीप्रमाणे दोन बोटांनी क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "ज्या दिवशी माझं इंजिन सुरू होणार नाही, त्या दिवशी मी स्वतः बोचकं बांधून तुमच्याकडे येईन. तोवर या विषयावर कुणी तोंड उघडायचं नाही."

आमच्या गावात रस्ता नाही. दुकान, चर्च, दवाखाना, सगळीकडे पाण्यावरूनच जायचं. ज्याची नाव चालते तो आपल्या मर्जीने जगतो, ज्याची चालत नाही तो दुसऱ्याच्या सवडीने. फेव्रोनिया एकोणसत्तर वर्षांची होती आणि अजून एकदाही कुणाच्या सवडीने जगली नव्हती.

तिने दोरी गुंडाळून ठेवली, इंजिन पाण्याबाहेर वर उचललं आणि वल्ही घेतली.

धक्क्यावर उल्याना दोन पिशव्या घेऊन उभी होती. तिच्या मागे तिचा नवरा लिविउ, तिसरी पिशवी घेऊन. लिविउ मितभाषी माणूस. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यातली पहिली दोन-तीन वर्षं तो बोलत असे, असं गावातले लोक सांगतात.

"आई, वल्हवत का आलीस?" उल्यानाने नावेत पाय ठेवायच्या आधीच विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय. खांद्याला व्यायाम हवा म्हणाले."

"मग इंजिन कशाला आणलंस?"

"वजनाला. मागे वजन नसलं की नाव नाक खाली घालते."

उल्यानाने आईकडे पाहिलं. उल्याना याच पाण्यावर वाढली होती, त्यामुळे नावेचं नाक कधी खाली जातं हे तिला ठाऊक होतं. पण ती एवढंच म्हणाली, "बरं. रविवारी आम्हाला सोडायला मात्र इंजिनावर यायचं. बोट दोनला सुटते. सोमवारी लिविउला कामावर जायचंय, तुझ्या व्यायामाच्या भरवशावर मी राहणार नाही."

"इंजिनावरच येऊ की," फेव्रोनिया म्हणाली. "न यायला काय झालंय?"

लिविउने इंजिनाकडे पाहिलं, मग सासूच्या उजव्या तळहातावर दोरीने उठलेल्या लाल वळाकडे पाहिलं, आणि बोरूच्या बेटांकडे बघत बसला.

शनिवारी सकाळी उल्याना घर झाडायला लागल्यावर फेव्रोनियाने कुंपणावरून सिदोरला हाक मारली. सिदोर शेजारी राहायचा. लारिओनचा मित्र, वय पंच्याहत्तर, दाढी पोटापर्यंत आणि मतं त्याहून लांब.

"भाऊजी, जरा खाली आमच्या धक्क्यावर या. आणि मोठ्याने बोलू नका."

"काय झालं वहिनी?"

"इंजिन मेलंय."

"अजून कळलं नाही ना तिला?"

"कळलं असतं तर मी आत्ता कपाट रिकामं करत असते."

सिदोरने दाढी शर्टात खोचली, म्हणजे त्याने काम हातात घेतलं. त्याने इंजिनाचं झाकण काढलं, एक प्लग काढला, तो वायरीलाच लावून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि म्हणाला, "ओढ दोरी. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी दिसली पाहिजे."

फेव्रोनियाने दोरी ओढली. "मला काही दिसली नाही."

"मलाही नाही. पण मला मोतीबिंदू आहे."

दुसऱ्या प्लगचीही तीच गत. दोन्ही प्लग पेट्रोलने ओले झाले होते. सिदोरच्या मते ओल्या प्लगला ठिणगी कशी पडणार, ते आधी चांगले तापवून घ्यायला हवेत. फेव्रोनियाने ते एप्रनखाली झाकून अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात नेले आणि तव्यावर टाकले. शंका नको म्हणून वर मूठभर सूर्यफुलाच्या बिया पसरल्या.

उल्याना पाण्याची बादली भरायला आली. तिने तव्यात डोकावून पाहिलं. "आई, हे काय?"

"बिया भाजतेय."

"आणि हे?"

"ते तव्यावर वजन. बिया उडतात."

"दोन-दोन वजनं?"

"बिया जास्त आहेत," फेव्रोनिया म्हणाली आणि कालथ्याने प्लग परतू लागली.

तापलेले प्लग लावले, पण ठिणगी पडली नाही. मग सिदोर म्हणाला, कॉइलमध्ये ओल शिरली असणार. यंदा वसंतात पाणी किती चढलं होतं ते आठव. कॉइल काढायच्या म्हणजे वरचं जड चाक काढायला हवं. त्यासाठी सिदोरने घरून चाक ओढून काढायचा पुलर आणला, त्यावर तासभर झटापट केली आणि त्यात अंगठ्याचं नख काळं करून घेतलं. दोन्ही कॉइल बाहेर आल्या. त्या मंद आचेवर, कोबीचं सारण भरलेली पावासारखी पिरोग भाजतो त्याहून कमी आचेवर, दोन तास ओव्हनमध्ये ठेवायच्या असं ठरलं. फेव्रोनियाने त्या ठेवल्या आणि सिदोरला टिंचर लावायला घेऊन गेली. परत येते तो उल्याना ओव्हनसमोर उकिडवी बसलेली, हातात कोबीच्या पिरोगचा ट्रे.

"ओव्हनमध्ये लोखंड कसलं आहे?"

"चुलीचंच आहे. काढू नकोस."

"चुलीचं? मी लहानपणापासून ही चूल बघतेय."

"तेव्हा ती नवी होती. आता तिला आधार लागतो."

उल्यानाने कॉइल एका बाजूला सरकवल्या, ट्रे आत ढकलला आणि आच मोठी केली. फेव्रोनिया दारात उभी राहून पाहत होती. तिच्यासमोर दोन रस्ते होते : खरं सांगायचं, नाहीतर गप्प राहायचं. ती गप्प राहिली. जेवायला पिरोग आली तेव्हा तिला वार्निशाचा वास येत होता. लिविउने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागून घेतला. फेव्रोनियाला तो माणूस पहिल्यांदाच जरा बरा वाटला.

कॉइल काळ्या पडल्या होत्या, पण सिदोरच्या मते कोरड्या मात्र झाल्या होत्या. राहिले ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट. ते घासायला बारीक कानस हवी होती. सिदोरकडे होती ती रेड्याचे खूर घासण्याच्या लायकीची होती. तेव्हा फेव्रोनिया घरात गेली आणि उल्यानाच्या पिशवीतून नखं घासायची पट्टी घेऊन आली. पॉइंट चांदीसारखे चमकले. पट्टी मात्र कोळशासारखी झाली. संध्याकाळी उल्याना पट्टी शोधत घरभर फिरत होती आणि फेव्रोनिया तिला आत्मीयतेने जागा सुचवत होती. "उशीखाली बघितलंस का? बोटीत तर विसरली नसशील?"

एवढं करूनही ठिणगी नव्हतीच. शेवटी सिदोरने घोषित केलं, "कंडेन्सर. पंचवीस वर्षं मी लारिओनला सांगत होतो, कंडेन्सर बदल." त्याने स्वतःच्या मोडक्या इंजिनाचा कंडेन्सर आणून लावला. दोघांनी आळीपाळीने दोरी ओढली. इंजिनाने एकदा हलकीशी शिंक दिली. म्हणजे तसं फेव्रोनियाला वाटलं. शिंक सिदोरला आली होती.

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. शनिवारच्या घंटेनंतर आमच्याकडे कामाला हात लावत नाहीत. सिदोरने दाढी शर्टाबाहेर काढली आणि हळूच म्हणाला, "वहिनी, तुल्चाही काही वाईट गाव नाही. लिफ्ट असते. भाजी दारात येते."

"तुम्हाला एवढं आवडतं तर तुम्ही जा," फेव्रोनिया म्हणाली.

पण घरात आल्यावर तिने पेटीतून लग्नातली मोठी शाल काढली, जी चार टोकं बांधली की बोचकं म्हणून चालते. शब्द तसबिरींसमोर दिला होता. तिने शाल पलंगावर पसरली आणि बराच वेळ बघत बसली. त्यात काय बांधायचं ते तिला सुचेना. कालवा, बोरू, सकाळी पाण्यावर वल्हं टेकवताना येणारा आवाज, यातलं काही शालीत मावणारं नव्हतं. तिने शालीची घडी घातली आणि ती पेटीत पार तळाशी टाकली. मग तसबिरींकडे वळून म्हणाली, "उद्या रविवार आहे हे मला ठाऊक आहे. पण दुरुस्ती म्हणजे काम नव्हे. ते स्वसंरक्षण आहे." तसबिरी काही बोलल्या नाहीत. याचा तिने आपल्या सोयीचा अर्थ घेतला.

उजाडताना ती पाना घेऊन धक्क्यावर उतरली. नावेत कुणीतरी वाकलं होतं. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर स्वेटर, इंजिनाचं झाकण बाजूला काढलेलं. लिविउ. त्याच्या हातात पक्कड होती.

फेव्रोनियाने वल्हं उचललं. "मोडताय होय? जावईबापू, माझ्या नवऱ्याचं इंजिन मोडताय?"

"हळू बोला आई, उल्याना उठेल," लिविउ मागे वळूनही न बघता म्हणाला. "वल्हं खाली ठेवा आणि तो प्लग जरा धरा."

"कशाला?"

"दुरुस्त करतोय."

फेव्रोनियाने वल्हं खाली ठेवलं नाही, पण थोडं उतरवलं. "तुम्हाला तर मी तुमच्याकडे यायला हवीय."

लिविउ सरळ झाला. सव्वीस वर्षांत तो सासूशी एवढं सलग कधी बोलला नसेल. "आई, आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा आहे. मागे एक काचा लावलेली बाल्कनी आहे. तिथे एक खुर्ची आहे, एक रेडिओ आहे. कामावरून आलो की मी तिथे बसतो. तिथे मला कुणी काही विचारत नाही. तुमची खाट तिथे टाकायचं उल्यानाने ठरवलंय. माप घेऊन झालं. पडदे शिवून झाले." त्याने पक्कड उघडून मिटली. "माझा तुमच्यावर काही राग नाही. पण मी ती बाल्कनी देणार नाही."

फेव्रोनियाने जावयाकडे नीट पाहिलं. मग वल्हं ठेवलं आणि नावेत उतरली. "पडदे कसले आहेत?"

"फुलाफुलांचे."

"अरे देवा," ती म्हणाली आणि प्लग धरला.

लिविउ तुल्च्यात लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने तिला सांगितलं, बंद पडलेल्या दहा लिफ्टांपैकी चार बिघडलेल्याच नसतात. थांबवायचं बटण कुठेतरी अडकलेलं असतं. लिफ्टला वाटतं आपल्याला थांबायला सांगितलंय, म्हणून ती थांबून राहते. या इंजिनालाही बंद करायचं लाल बटण होतं. त्याची वायर झाकणाखालून जाताना झिजून उघडी पडली होती आणि इंजिनाच्या अंगाला टेकली होती. म्हणजे कुणी बटण सतत दाबून धरल्यासारखंच. ठिणगी तयार होत होती आणि प्लगपर्यंत पोचायच्या आत जिरत होती.

"म्हणजे प्लग, कॉइल, पॉइंट, सगळं ठीक होतं?"

"ओव्हनमध्ये जाईपर्यंत तरी होतं."

त्याने पक्कडीने ती वायर तोडून टाकली. फेव्रोनियाने प्लग इंजिनाला टेकवून धरला, लिविउने दोरी ओढली. टच्च करून ठिणगी पडली, जाड आणि निळी. फेव्रोनियाने पुन्हा ओढायला लावली. मग आणखी एकदा, नुसतं बघायला. इंजिन सुरू करून चालणार नव्हतं, आवाजाने अख्खं गाव जागं झालं असतं. त्यांनी झाकण लावलं, हात पेट्रोलने पुसले आणि दोन वेगवेगळ्या दारांनी घरात शिरले.

दुपारी एक वाजता उल्याना पिशव्या घेऊन धक्क्यावर आली. तिने पिशव्या तीनच आणायच्या तर चार आणल्या होत्या; चौथी रिकामी होती. "तुझ्या कपड्यांसाठी," ती म्हणाली. "तू शब्द दिला होतास. मी काही आंधळी नाही आई. तव्यावर प्लग भाजतात का कुणी?"

"बस," फेव्रोनिया म्हणाली.

ती मागच्या फळीवर उभी राहिली, दोरी गुंडाळली आणि एकदाच ओढली. इंजिन धडधडलं. निळ्या धुराचा लोट सिदोरच्या कोबीच्या वाफ्यांवर गेला. कुंपणापाशी उभ्या सिदोरने क्रूस केला आणि ओरडून सांगितलं, "कंडेन्सर!" उल्याना रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसली, चेहरा तसाच. लिविउ बोरूंकडे बघत होता.

फेव्रोनियाने कालव्यातून नाव अशी पळवली की बगळे उठून उडाले. मोठी नदी लागली. धक्क्याला बोट लागलेली होती, माणसं चढत होती. फेव्रोनियाने वेग कमी केला, धक्क्याच्या दिशेने वळली आणि लाल बटण दाबलं.

इंजिन चालूच राहिलं.

तिने पुन्हा दाबलं. मग अंगठ्याने, मग मुठीने. या इंजिनाला गिअर नव्हता. ते चालू असेपर्यंत नाव पुढे जाणार, एवढंच त्याला कळत होतं. धक्का दहा हातांवर आला तेव्हा तिने सुकाणू फिरवलं आणि नाव लोकांसमोरून सरसर निघून गेली.

"आई, कुठे चाललीस?"

"एक चक्कर मारू म्हटलं. लोक बघतायत."

दुसऱ्या वेळी धक्क्यावरच्या माणसाने दोर फेकला. उल्यानाने तो पकडला, दोन क्षण धरला आणि हात भाजल्यावर सोडला. तिसऱ्या वेळी बोटीच्या कप्तानाने भोंगा वाजवला आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आजी, चढणार आहात की ओवाळताय?"

"तुला काय घाई आहे?" फेव्रोनियाने जाता जाता उत्तर दिलं.

"आई, थांबव ती नाव!"

"थांबवायची तेव्हा थांबवीन."

लिविउ बटणाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. शेवटी तो उठला, उल्यानाच्या अंगावरून मागे गेला आणि पेट्रोलची नळी उपसून काढली. पण इंजिनाच्या पोटात होतं तेवढं पेट्रोल पुरेसं होतं. नाव धक्का ओलांडून, वळण घेऊन अर्धा मैल खाली गेली, आणि तिथे बोरूंच्या बेटात घुसून इंजिनाने शेवटचा श्वास सोडला. सगळं एकदम शांत झालं. लांबून बोट सुटल्याचा भोंगा आला.

पुढची बोट मंगळवारी होती.

उल्याना केसातलं बोरूचं कुसळ काढत म्हणाली, "लिविउ, बटण चालत नाही हे तुला कसं कळलं?"

लिविउ बोरूंकडे बघू लागला. तो मितभाषी असल्याचा त्याला आजवर कधी एवढा उपयोग झाला नव्हता. पण उल्यानाने त्याच्या नखांतला काळा मळ पाहिला, मग आईच्या नखांतला. दोन्हीकडे सारखाच.

"अच्छा," ती म्हणाली. "दोघं मिळून."

"शब्द इंजिन सुरू होण्याचा होता," फेव्रोनिया हनुवटी वर करून म्हणाली. "ते झालं. बंद होण्याबद्दल मी काही बोलले नव्हते."

उल्यानाने वल्ही उचलली. वीस वर्षांत तिने वल्हं धरलं नव्हतं, पण तिचे हात विसरले नव्हते. प्रवाहाविरुद्ध ती रागारागाने वल्हवत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "फेब्रुवारीत दोन दिवस मी फोन लावत होते. बर्फामुळे बोट बंद. दोन्ही रात्री मी तू गेलीस असं धरून चालले होते. तुला इंजिनाचं पडलंय."

  "फोन आता मी उशाशी ठेवते," फेव्रोनिया म्हणाली. "भरलेला."

"मला माहितीय. मी बघितला."

घरच्या धक्क्याला नाव लागली तेव्हा उल्यानाच्या तळहातांवर फोड आले होते. तिने ते पाण्यात बुडवले आणि उठून उभी राहिली. तिचीही हनुवटी वर होती, आणि लिविउला तो क्षण जरा भीतीचा वाटला, कारण नावेत एकाऐवजी दोन फेव्रोनिया उभ्या होत्या.

"तू यायचं नाहीस ना? नको येऊस. मी राहते. सप्टेंबरपर्यंत रजा साचलीय माझी. लिविउ मंगळवारी एकटा जाईल. आणि मला ते इंजिन चालवायला शिकायचंय, तू बापाला सांगून कधी मला हात लावू दिला नाहीस. ते नीट येईपर्यंत मी इथून हलत नाही."

"इथे?" फेव्रोनिया म्हणाली. "माझ्याकडे?"

"खाट खिडकीपाशी टाकीन. तुझा तो मोठा पेटारा हलवावा लागेल. आणि स्वयंपाकघरातली मांडणी मी उद्या बदलतेय."

फेव्रोनियाने मदतीसाठी जावयाकडे पाहिलं. जावई पिशव्या मोजत होता, आणि त्या चार पिशव्या मोजायला त्याला खूप वेळ लागत होता.

सोमवारी लिविउने बटणाला नवी वायर टाकली, तिच्यावर रबराची नळी चढवली आणि इंजिन सहा वेळा सुरू करून सहा वेळा बंद करून दाखवलं. मंगळवारी त्याला धक्क्यावर सोडलं. बोट वळणाआड जाईपर्यंत तो कठड्याशी उभा राहून हात हलवत होता. इतका हसरा लिविउ धक्क्यावर कुणी आजवर पाहिला नव्हता.

मग उल्याना मागच्या फळीपाशी आली. "सरक," ती म्हणाली.

त्या नावेत मागची जागा आधी लारिओनची होती आणि अकरा वर्षं फेव्रोनियाची. ती थोडा वेळ तिथेच बसून राहिली. मग उठली, पुढे जाऊन बसली आणि मागे तोंड करून सांगायला लागली. दोरी एवढी गुंडाळू नकोस. पाय आत घे. एकदम ओढ, कुत्र्याला गोंजारल्यासारखी नको. इंजिन तिसऱ्या हिसक्याला लागलं. आता डावीकडे, डावीकडे. बगळ्यांकडे काय बघतेस, पाण्याकडे बघ. तिकडे खांब आहे. वेग कमी कर. एवढाही नको.

"आई," उल्याना इंजिनाच्या आवाजावरून ओरडली, "मला येतंय. तू गप्प बस."

फेव्रोनिया गप्प बसली नाही.